सिल्व्हरलाइटचं जुनं अ‍ॅप अंगावर आलंय? शून्यापासून सुरुवात कशी करायची

सिल्व्हरलाइट, म्हणजे ब्राउझरमध्ये प्लगइन टाकून अ‍ॅप चालवायचं मायक्रोसॉफ्टचं जुनं तंत्र, आता कोण शिकतं, असं कुणीही विचारेल, तर ज्याच्या टेबलावर बारा-पंधरा वर्षांपूर्वीचं अ‍ॅप येऊन पडतं आणि "हे चालू ठेवायचंय, सोमवारपासून तुझ्याकडे" असं सांगितलं जातं तो शिकतो. कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी लिहिलेली अशी बरीच सॉफ्टवेअर आहेत, बिलिंग, स्टॉक, रिपोर्ट वगैरे, त्यातली काही अजूनही रोज सकाळी उघडतात आणि त्यावर लोकांचं काम अडलेलं असतं. नेटवर सापडणारे लेख एकतर २०१० चे, ज्यातल्या निम्म्या लिंक मेलेल्या, नाहीतर "सिल्व्हरलाइट संपलं, सोडून द्या" एवढंच सांगणारे, त्यामुळे आज, आत्ता, या घडीला सुरुवात कशी करायची ते इथे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो आणि पुढचा सगळा लेख त्याच्याभोवतीच आहे. सिल्व्हरलाइटला वेबपेज समजून शिकायला गेलात तर पावलोपावली अडाल. ते ब्राउझरच्या आत चालणारं पूर्ण क्लायंट प्रोग्राम आहे, त्याचा स्वतःचा छोटा डॉट नेट रनटाइम (मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमधला कोड चालवणारा भाग) असतो, आणि त्यात तीन गोष्टी पक्क्या कळल्या की कुठलाही जुना कोड वाचता येतो: झॅप फाइल (ज्यात सगळं अ‍ॅप बांधलेलं असतं) कशी तयार होते आणि लोड होते, बाइंडिंग (स्क्रीन आणि डेटा एकमेकांना बांधणं) कसं चालतं, आणि सर्व्हरशी बोलणं नेहमी असिंक (उत्तरासाठी थांबून न राहणारं) का असतं. अ‍ॅनिमेशन, ब्रश, ग्रेडियंट हे सगळं नंतर बघता येईल.

थोडी पार्श्वभूमी, पटकन

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००७ मध्ये सिल्व्हरलाइट १.० आणलं तेव्हा त्यात फक्त जावास्क्रिप्ट चालायची. खरी सुरुवात ऑक्टोबर २००८ च्या व्हर्जन २ पासून, कारण त्यात सी शार्प आणि डॉट नेट आलं. २००९ मध्ये ३ आलं आणि अ‍ॅप ब्राउझरबाहेर डेस्कटॉपवर चालवता यायला लागलं, एप्रिल २०१० मध्ये ४, त्यात प्रिंटिंग, वेबकॅम, बटणाला कमांड जोडणं वगैरे, आणि डिसेंबर २०११ मध्ये शेवटचं ५. बीजिंग ऑलिंपिकचं अमेरिकेतलं ऑनलाइन प्रक्षेपण एनबीसीने याच्यावर केलं होतं, नेटफ्लिक्सही बरीच वर्षं याच्यावर चालायचं, विंडोज फोन ७ ची अ‍ॅप्स पण यातच लिहायची. मग ब्राउझरांनी प्लगइन बंद करायला घेतले. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये, व्हर्जन ४५ ला, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये, व्हर्जन ५२ ला. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सपोर्ट १२ ऑक्टोबर २०२१ ला संपला, म्हणजे त्यानंतर एकही सिक्युरिटी पॅच नाही.

या शेवटच्या वाक्याचा अर्थ नीट घ्या. हे प्लगइन तुमच्या रोजच्या लॅपटॉपवर, ज्यावर तुम्ही बँकेचं काम करता, तिथे टाकू नका. यासाठी वेगळं मशीन ठेवा.

पायरी १: मशीन तयार करणं

व्हर्च्युअल मशीन घ्या. त्यात विंडोज सर्व्हर २०१६ किंवा २०१९ टाकलंत तर सगळ्यात कमी त्रास होतो, कारण तिथे इंटरनेट एक्सप्लोरर ११ अजून चालतो. नेहमीच्या विंडोज १० वर तो फेब्रुवारी २०२३ च्या एज अपडेटने बंद केला आणि विंडोज ११ वर तर तो थेट उघडतच नाही, एजकडे पाठवतो. विंडोज १० ची एलटीएससी (दीर्घकाळ सपोर्टची) आवृत्ती कंपनीकडे असेल तर तीही चालते.

व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पाहिजे. सिल्व्हरलाइट प्रोजेक्ट उघडणारी ती शेवटची आवृत्ती, २०१७ किंवा पुढच्या कुठल्याही आवृत्तीत प्रोजेक्ट "अनसपोर्टेड" म्हणून लोडच होत नाही, त्यात वेळ घालवू नका. त्याच्याबरोबर सिल्व्हरलाइट ५ चं एसडीके (डेव्हलपरचा साधनसंच) लागतं आणि डेव्हलपर रनटाइम लागतं. साधं रनटाइम आणि डेव्हलपर रनटाइम यात फरक आहे, साध्यावर अ‍ॅप चालतं पण एरर आला की नुसता नंबर दिसतो आणि डीबगर नीट जोडला जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून हे डाउनलोड काढून टाकलेत, त्यामुळे आधी कंपनीच्या जुन्या इन्स्टॉलर फोल्डरमध्ये शोधा, ज्यांनी मूळ अ‍ॅप लिहिलं त्यांच्या सर्व्हरवर बऱ्याचदा हे पडलेलं असतं. कुठल्याही अनोळखी डाउनलोड साइटवरून घेणार असाल तर निदान फाइलवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही आहे का ते प्रॉपर्टीजमध्ये बघून मगच चालवा.

जे लोक अ‍ॅप फक्त वापरतात, त्यांच्यासाठी एजचा आयई मोड आहे, ज्यात साइट जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसारखी चालते. एजच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट ब्राउझरच्या पानावर आयई मोडमध्ये साइट रीलोड करायला परवानगी द्यायची, आणि खालच्या यादीत पत्ता टाकायचा. ही यादीतली नोंद ३० दिवसांनी आपोआप निघून जाते, मग महिन्याने ऑफिसातून फोन येतात की "काल चालत होतं, आज बंद पडलं". कायमचं करायचं तर अ‍ॅडमिनकडून ग्रुप पॉलिसीमधून एंटरप्राइझ साइट लिस्ट लावून घ्या. आयई मोड निदान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने म्हटलंय, पण तो मोड जिवंत आहे म्हणजे सिल्व्हरलाइटला पॅच मिळतायत असं नाही, हे मॅनेजरला लेखी कळवून ठेवा.

पायरी २: पहिला प्रोजेक्ट, आणि त्याच्या आत काय असतं

जुनं अ‍ॅप लगेच उघडू नका. आधी एक छोटं नवीन करा, म्हणजे मशीन नीट लागलंय का ते पण कळतं. उदाहरण म्हणून सोसायटीच्या मेंटेनन्सची यादी घेऊ: फ्लॅट नंबर, मालकाचं नाव, रक्कम, आणि भरली का नाही. वर एकूण बाकी दिसली पाहिजे. बस एवढंच, पण या एवढ्यात सगळं येतं. कोड इथे ओळीओळीने देत नाही, कुठल्या ठिकाणी काय करायचं ते सांगतो, नाव टाइप करायला लागलात की इंटेलिसेन्स (व्हिज्युअल स्टुडिओची नावं सुचवणारी सोय) बाकीचं देतंच.

न्यू प्रोजेक्टमध्ये सिल्व्हरलाइट अ‍ॅप्लिकेशन निवडा. मग एक खिडकी येते, "वेबसाइटमध्ये होस्ट करायचं का" असं विचारते, तिथे हो म्हणा. याने सोल्युशनमध्ये दोन प्रोजेक्ट तयार होतात, एक सिल्व्हरलाइटचा आणि एक साधा एएसपी डॉट नेटचा. हे दोन का, ते समजून घ्या, कारण जुन्या अ‍ॅपमध्ये हेच दहापट मोठं होऊन बसलेलं असतं. पहिल्यातला कोड युजरच्या मशीनवर चालतो, दुसऱ्यातला सर्व्हरवर. डेटाबेस पहिल्यातून कधीच दिसत नाही. आणि पहिल्या प्रोजेक्टला साधी डॉट नेटची डीएलएल (बिल्ड झालेल्या कोडची फाइल) जोडता येत नाही, सिल्व्हरलाइटसाठी बिल्ड केलेलीच लागते, म्हणून जुन्या कोडमध्ये एकच सी शार्प फाइल दोन्हीकडे "लिंक" म्हणून जोडलेली दिसली तर गोंधळू नका, तो मुद्दाम केलेला मार्ग आहे.

स्टार्टअप प्रोजेक्ट म्हणून नेहमी वेब प्रोजेक्टच ठेवा. सिल्व्हरलाइट प्रोजेक्ट थेट चालवला तर व्हिज्युअल स्टुडिओ एक टेस्ट पेज बनवून डिस्कवरूनच उघडतो, स्क्रीन दिसते, सगळं छान वाटतं, आणि पहिला सर्व्हर कॉल केला की फसतो कारण फाइलवरून उघडलेल्या अ‍ॅपला एचटीटीपीवर बोलायची परवानगी नसते.

आता बिल्ड करा आणि वेब प्रोजेक्टच्या क्लायंटबिन फोल्डरमध्ये बघा, तिथे झॅप फाइल आलेली असेल. तिची कॉपी करा, नावाच्या शेवटी झिप लावा आणि उघडा. झॅप म्हणजे साधी झिप फाइल आहे. आत अ‍ॅपमॅनिफेस्ट असतो, त्यात कुठली डीएलएल सुरुवातीची आणि कुठला क्लास पहिला ते लिहिलेलं असतं, आणि बाकी तुमच्या डीएलएल. ब्राउझर पान उघडतो, पानातला ऑब्जेक्ट टॅग प्लगइनला बोलावतो, प्लगइन झॅप उतरवून घेतं, मॅनिफेस्ट वाचतं, अ‍ॅप क्लास तयार करतं, त्याचा स्टार्टअप इव्हेंट उडतो आणि तिथे रूटव्हिज्युअलला (सगळ्यात बाहेरच्या स्क्रीनची जागा) मेनपेज दिलं जातं. हे रूटव्हिज्युअल एकदाच देता येतं, नंतर बदलता येत नाही. म्हणून जुन्या अ‍ॅपमध्ये लॉगिन झाल्यावर दुसरी स्क्रीन दाखवायची तर एक रिकामा ग्रिड किंवा बॉर्डर रूट म्हणून ठेवून त्याच्या आतला माल बदलतात, हा प्रकार तुम्हाला हमखास दिसेल.

कुठलंही अनोळखी अ‍ॅप हातात आलं की मी याच वाटेने जायला सांगेन: आधी होस्ट पान, त्यातल्या ऑब्जेक्ट टॅगचे पॅरामीटर, विशेषतः इनिटपॅराम्स कारण सर्व्हरचे पत्ते, युजरचं नाव असलं बरंच काही तिथून आत सोडलेलं असतं, मग अ‍ॅप क्लासचा स्टार्टअप, मग पहिलं पान. सोर्स कोडच हरवला असेल, आणि तसं होतं, तरी घाबरू नका. सर्व्हरवरची झॅप उघडा, डीएलएल आयएलस्पाय या कोड परत काढणाऱ्या टूलमध्ये टाका, सी शार्प कोड बऱ्यापैकी परत मिळतो, आणि सिल्व्हरलाइट झॅमल (स्क्रीनची मांडणी लिहायची भाषा) फाइल्स डीएलएलच्या रिसोर्समध्ये साध्या टेक्स्टमध्येच ठेवतं त्यामुळे स्क्रीनची मांडणीही जशीच्या तशी मिळते. कोड उचलण्याआधी तो कंपनीच्या मालकीचा आहे याची खात्री मात्र करून घ्या.

पायरी ३: स्क्रीनची मांडणी

झॅमलबद्दल जास्त लिहीत नाही, कारण हा भाग बघून बघून येतो. तीन पॅनेल लक्षात ठेवा. ग्रिड म्हणजे ओळी आणि रकाने, त्यात ऑटो म्हणजे आतल्या मजकुराएवढं, आणि स्टार म्हणजे उरलेली सगळी जागा. स्टॅकपॅनेल एकाखाली एक रचतं. कॅनव्हासमध्ये एक्स-वाय द्यायचं, ते फक्त चित्रं काढायला वापरा.

आपल्या यादीसाठी ग्रिडच्या तीन ओळी करा, वरची ऑटो तिच्यात एकूण बाकीचा टेक्स्टब्लॉक, मधली स्टार तिच्यात डेटाग्रिड, खालची ऑटो तिच्यात दोन बटणं. इथे एक गोष्ट नेहमी चुकते: डेटाग्रिडला स्टॅकपॅनेलमध्ये टाकू नका. स्टॅकपॅनेल आतल्या कंट्रोलला "हवी तेवढी उंची घे" म्हणतं, मग डेटाग्रिड सगळ्या ओळी एकदम बांधायला जातं, स्क्रोलबार येत नाही आणि हजार-दोन हजार ओळी असल्या तर स्क्रीन गोठते. जुन्या अ‍ॅपबद्दल "फार स्लो आहे" अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा हेच तपासा, बऱ्याचदा एवढं बदलून काम होतं.

डेटाग्रिड मूळ प्लगइनमध्ये नाही, एसडीकेमधून येतं. टूलबॉक्समधून ओढून टाकलं की रेफरन्स आपोआप जोडला जातो, पण झॅपचा आकार वाढतो.

मराठी दाखवायचं असेल तर ते पहिल्याच दिवशी तपासा. अरबी, हिब्रू, थाई असल्या अवघड लिप्यांचा सपोर्ट व्हर्जन ४ मध्ये आला, त्यामुळे ४ च्या आधीच्या टार्गेटवर असलेलं अ‍ॅप असेल तर आधी टार्गेट ५ करा. मग एक लेबल टाका ज्यात "क्षेत्रज्ञ, श्रद्धा, र्‍हास, कृष्ण, दुर्गाष्टमी" असे शब्द असतील, फॉन्ट मंगल द्या आणि युजरच्या मशीनवर बघा, तुमच्या नाही. जोडाक्षरं तुटत असतील तर आत्ता कळलेलं बरं.

पायरी ४: बाइंडिंग, इथे वेळ द्या

सिल्व्हरलाइटचा जीव इथे आहे. पद्धत अशी की स्क्रीनवरच्या टेक्स्टबॉक्समध्ये कोडमधून जाऊन किंमत लिहायची नाही, तर टेक्स्टबॉक्सला सांगायचं की तू या ऑब्जेक्टच्या या प्रॉपर्टीशी बांधलेला आहेस, मग ऑब्जेक्ट बदलला की स्क्रीन बदलते.

फ्लॅट नावाचा क्लास करा, त्यात वरच्या चार प्रॉपर्टी. क्लास पब्लिकच हवा, इंटरनल किंवा अ‍ॅनॉनिमस टाइप असेल तर सिल्व्हरलाइटचं बाइंडिंग त्याच्या आत बघू शकत नाही आणि स्क्रीनवर नुसत्या रिकाम्या ओळी दिसतात. डेस्कटॉपच्या डब्ल्यूपीएफमधून आलेल्या लोकांना हे फार छळतं कारण तिकडे ते चालतं. मग या क्लासवर आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड इंटरफेस लावा, आणि प्रत्येक प्रॉपर्टीच्या सेटरमध्ये किंमत बदलली की प्रॉपर्टीचेंज्ड इव्हेंट उडवा, त्यात प्रॉपर्टीचं नाव स्ट्रिंग म्हणून द्यायचं असतं आणि तिथे स्पेलिंगची एक चूक झाली तरी कंपायलर काही बोलत नाही, स्क्रीन मात्र बदलत नाही.

यादीसाठी साधी लिस्ट वापरू नका, ऑब्झर्व्हेबलकलेक्शन वापरा. नवीन फ्लॅट टाकला की डेटाग्रिडमध्ये ओळ आपोआप येते ती याच्यामुळे. पण ऑब्झर्व्हेबलकलेक्शन फक्त "ओळ आली, ओळ गेली" एवढंच कळवतं, एखाद्या ओळीच्या आतली रक्कम बदलली तर ते गप्प असतं. आपल्या उदाहरणात हेच बघायचंय. एकूण बाकी ही प्रॉपर्टी व्ह्यूमॉडेल नावाच्या वेगळ्या क्लासमध्ये ठेवा, यादी पण तिथेच, आणि यादीत प्रत्येक फ्लॅट टाकताना त्याच्या प्रॉपर्टीचेंज्ड इव्हेंटला व्ह्यूमॉडेल जोडून घ्या, म्हणजे कुणी "भरली" वर टिक केली की व्ह्यूमॉडेलला कळतं आणि ते एकूण बाकीसाठी स्वतःचा प्रॉपर्टीचेंज्ड उडवतं. हे एकदा स्वतःच्या हाताने करा, कॉपी-पेस्ट नको. कारण जुन्या अ‍ॅपमधले "आकडा अपडेट होत नाही, पान परत उघडलं की बरोबर येतो" या जातीचे बग जवळपास सगळे इथेच असतात.

मेनपेजच्या कन्स्ट्रक्टरमध्ये डेटाकॉन्टेक्स्टला (बाइंडिंग प्रॉपर्टी जिथे शोधतं ते ठिकाण) व्ह्यूमॉडेल द्या. झॅमलमध्ये आता डेटाग्रिडचा आयटम्ससोर्स यादीला आणि टेक्स्टब्लॉकचा टेक्स्ट एकूण बाकीला बांधा.

मोडबद्दल. सिल्व्हरलाइटमध्ये बाइंडिंगचा डिफॉल्ट मोड वनवे असतो, म्हणजे डेटाकडून स्क्रीनकडे. टेक्स्टबॉक्समध्ये युजरने लिहिलेलं परत ऑब्जेक्टमध्ये जायला पाहिजे असेल तर टूवे असं स्पष्ट लिहावंच लागतं. आणि टूवे असलं तरी किंमत परत जाते ती टेक्स्टबॉक्समधून फोकस बाहेर पडल्यावर. युजर रक्कम टाइप करतो आणि फोकस न हलवता एंटर दाबतो, एंटरवर सेव्ह लावलेलं असतं, आणि जुनीच रक्कम सेव्ह होते, हा प्रकार ओळखीचा वाटेल. व्हर्जन ५ मध्ये अपडेटसोर्सट्रिगरला प्रॉपर्टीचेंज्ड देता येतं, मग प्रत्येक अक्षराला किंमत जाते. आधीच्या व्हर्जनमध्ये टेक्स्टचेंज्ड इव्हेंटमध्ये हाताने अपडेटसोर्स बोलवायचे.

रकमेच्या फॉरमॅटसाठी बाइंडिंगमध्ये स्ट्रिंगफॉरमॅट देता येतं, व्हर्जन ४ पासून. पण करन्सी फॉरमॅट दिलात तर रुपयांऐवजी डॉलर दिसेल, मशीन भारतीय सेटिंगवर असलं तरी. कारण बाइंडिंग मशीनची भाषा बघत नाही, पानाची लँग्वेज प्रॉपर्टी बघतं आणि ती डिफॉल्ट अमेरिकन इंग्रजी असते. मेनपेजच्या कन्स्ट्रक्टरमध्ये लँग्वेजला चालू थ्रेडच्या कल्चरचं नाव द्या, म्हणजे मशीन भारतीय सेटिंगवर असेल तर स्वल्पविराम पण आपल्या पद्धतीने लाख-कोटीच्या जागी येतात.

बाइंडिंग फसलं तर अ‍ॅप पडत नाही, एरर बॉक्स येत नाही, नुसतं रिकामं दिसतं. म्हणून डीबग करताना आउटपुट खिडकी उघडी ठेवायची सवयच लावा, तिथे "बाइंडिंगएक्स्प्रेशन पाथ एरर" अशी ओळ येते आणि कुठल्या क्लासमध्ये कुठली प्रॉपर्टी सापडली नाही ते नावासकट लिहिलेलं असतं. व्हर्जन ५ मध्ये तर झॅमलच्या बाइंडिंगच्या ओळीवरच ब्रेकपॉइंट लावता येतो, ही सोय फार चांगली आहे आणि पुष्कळांना माहीतच नसते.

पायरी ५: सर्व्हरशी बोलणं

वेब प्रोजेक्टवर राइट क्लिक, अ‍ॅड न्यू आयटम, सिल्व्हरलाइट विभागात "सिल्व्हरलाइट-एनेबल्ड डब्ल्यूसीएफ सर्व्हिस" (डब्ल्यूसीएफ म्हणजे सर्व्हरवर सर्व्हिस लिहायची डॉट नेटची पद्धत). त्यात फ्लॅटची यादी परत देणारी एक मेथड लिहा, सध्या हातानेच चार फ्लॅट भरून द्या, डेटाबेस नको. क्लासला डेटाकॉन्ट्रॅक्ट आणि प्रॉपर्टींना डेटामेंबर लावा. बिल्ड करा, आणि सिल्व्हरलाइट प्रोजेक्टमध्ये अ‍ॅड सर्व्हिस रेफरन्स. आता गंमत बघा, याने तयार होणारा फ्लॅट क्लास आधीच आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड लावलेला असतो आणि यादी ऑब्झर्व्हेबलकलेक्शन म्हणून येते, म्हणजे वर हाताने केलेलं काम इथे फुकट मिळतं. तुमचा हाताने लिहिलेला क्लास काढून हा वापरा.

सर्व्हिसची मेथड मात्र तुम्हाला साधी दिसणार नाही. तिच्या नावापुढे असिंक लागलेली मेथड आणि कम्प्लीटेड लागलेला इव्हेंट अशी जोडी दिसेल. आधी इव्हेंटला हँडलर जोडायचा, मग असिंक मेथड बोलवायची, उत्तर हँडलरमध्ये येतं. सिल्व्हरलाइटमध्ये सर्व्हरला थांबून विचारायची सोयच ठेवलेली नाही, कारण स्क्रीन ज्या थ्रेडवर चालते त्यावर थांबलात तर ब्राउझरच अडकून बसेल. त्यामुळे "कॉल केला, पुढच्याच ओळीत यादी वापरली आणि ती रिकामी आहे" हे होणारच, पुढची ओळ चालते तेव्हा उत्तर आलेलंच नसतं. हे टाळायला काही लोक थ्रेड थांबवून ठेवायचे जुगाड करतात, कोडमध्ये मॅन्युअलरीसेटइव्हेंट दिसला तर तिथे शंका घ्या, यूआय थ्रेडवर तो लावला की अ‍ॅप कायमचं लटकू शकतं.

हँडलरमध्ये पहिल्यांदा एरर प्रॉपर्टी तपासा, मगच रिझल्टला हात लावा. उलटं केलं तर खरा एरर दुसऱ्याच एररच्या पोटात जाऊन बसतो.

डब्ल्यूसीएफचा क्लायंट किंवा वेबक्लायंट यूआय थ्रेडवर तयार केला असेल तर उत्तर त्याच थ्रेडवर येतं. एचटीटीपीवेबरिक्वेस्टचं उत्तर मात्र मागच्या थ्रेडवर येतं आणि तिथून स्क्रीनला हात लावला की "इनव्हॅलिड क्रॉस-थ्रेड अ‍ॅक्सेस". उपाय म्हणजे डिस्पॅचरच्या बिगिनइन्व्होकमध्ये तो कोड गुंडाळायचा.

आता सगळ्यात कुप्रसिद्ध एरर: "द रिमोट सर्व्हर रिटर्न्ड अ‍ॅन एरर: नॉटफाउंड". याचा अर्थ पत्ता सापडला नाही असा नसतोच बहुतेक वेळा! सर्व्हरवर एक्सेप्शन आलं की डब्ल्यूसीएफ ते एचटीटीपी ५०० ने पाठवतं, आणि त्या उत्तराच्या आतला मजकूर सिल्व्हरलाइटपर्यंत पोचू दिला जात नाही, मग सगळ्यालाच नॉटफाउंड म्हटलं जातं. डेटाबेस बंद, नल रेफरन्स, सीरियलायझेशन फसलं, काहीही असलं तरी एरर हाच. म्हणून फिडलर (एचटीटीपी ट्रॅफिक दाखवणारं टूल) लावा आणि खरं उत्तर तिथे बघा, सर्व्हरच्या वेबकॉन्फिगमध्ये एक्सेप्शनचे डिटेल फॉल्टमध्ये पाठवायचं सेटिंग डेव्हलपमेंटपुरतं चालू करा. लोकलहोस्टचं ट्रॅफिक फिडलरमध्ये दिसत नसेल तर पत्त्यात मशीनचं नाव वापरून बघा.

सर्व्हिस दुसऱ्या डोमेनवर असेल तर त्या सर्व्हरवर क्लायंटअ‍ॅक्सेसपॉलिसी नावाची एक्सएमएल फाइल लागते. ती डोमेनच्या अगदी मुळाशी लागते, अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये नाही, आणि नुसता पोर्ट वेगळा असला तरी ते दुसरं डोमेनच धरलं जातं. ती सापडली नाही तर प्लगइन फ्लॅशवाली क्रॉसडोमेन फाइल शोधतं. पॉलिसीमध्ये सगळ्यांना स्टार देऊन मोकळं होऊ नका, तुमचं डोमेन लिहा.

पायरी ६: सर्व्हरवर चढवणं

इथे तीन-चारच गोष्टी, पण प्रत्येक एक दिवस खाऊ शकते. सर्व्हिस रेफरन्स केल्यावर सर्व्हिसरेफरन्सेस क्लायंटकॉन्फिग नावाची फाइल तयार होते आणि तिच्यात सर्व्हिसचा पत्ता असतो, बहुतेक लोकलहोस्टचा. ती फाइल झॅपच्या आत जाते. म्हणजे सर्व्हरवर चढवल्यावर तुमच्या मशीनवर सगळं चालतं, बाकी कुणाकडेच चालत नाही. तातडीचं असेल तर झॅप झिपसारखी उघडून आतला पत्ता बदलून परत ठेवता येते, पण नीट उपाय म्हणजे होस्ट पानाच्या पत्त्यावरून कोडमध्येच सर्व्हिसचा पत्ता तयार करायचा.

एरर २१०४ आला, झॅप उतरवता आली नाही, तर सर्व्हरला झॅपचा माइम टाइप (फाइल कुठल्या प्रकारची ते सांगणारी नोंद) माहीत नाही असं समजा, मायक्रोसॉफ्टच्या जुन्या वेब सर्व्हरवर, आयआयएस ६ वर, किंवा अपाचेवर तो हाताने टाकावा लागतो. एरर २१०३ बहुतेक वेळा नेमस्पेस बदलल्यावर येतो, प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये स्टार्टअप ऑब्जेक्ट जुनाच राहिलेला असतो. ४००४ म्हणजे तुमच्याच कोडमधलं न पकडलेलं एक्सेप्शन. काहीच न दिसता पांढरं पान आलं तर पानावर राइट क्लिक करा, सिल्व्हरलाइटचा मेनू आला तर प्लगइन चालू आहे आणि गडबड आत आहे, ब्राउझरचा मेनू आला तर प्लगइनच बसलेलं नाही किंवा त्याची उंची शून्य झालीय, मग होस्ट पानात एचटीएमएल आणि बॉडी दोन्हींची उंची १०० टक्के आहे का बघा.

नवीन झॅप चढवून पण लोकांना जुनंच दिसत असेल तर ब्राउझरने कॅश केलंय. ऑब्जेक्ट टॅगमधल्या सोर्सच्या पत्त्याला शेवटी प्रश्नचिन्ह लावून व्हर्जन नंबर जोडा, प्रत्येक रिलीजला तो बदला. दर वेळी युजरला कॅश क्लिअर करायला लावणं योग्य नाही.

युजरच्या मशीनवर काही साठवायचं तर आयसोलेटेड स्टोरेज असतं, ब्राउझरमध्ये १ एमबी, ब्राउझरबाहेर चालणाऱ्या अ‍ॅपला २५ एमबी. जास्त मागायचं तर युजरने बटण दाबल्याच्या इव्हेंटमध्येच मागता येतं, पान लोड होताना नाही. फाइल उघडायचा डायलॉग आणि फुल स्क्रीन यांनाही हाच नियम.

पायरी ७: पुढची सोय आत्ताच बघणं

नवीन अ‍ॅप सिल्व्हरलाइटमध्ये कुणी करू नये हे उघड आहे, पण हातातलं अ‍ॅप शून्यापासून दुसऱ्या तंत्रात लिहायला वर्ष-दोन वर्षं जातात आणि तेवढा पैसा सगळ्यांकडे नसतो. इथे ओपनसिल्व्हर हा पर्याय गंभीरपणे बघा. यूजरवेअर या फ्रेंच कंपनीने तो ओपन सोर्स, एमआयटी लायसन्सखाली आणला, १.० व्हर्जन ऑक्टोबर २०२१ मध्ये, म्हणजे सिल्व्हरलाइटचा सपोर्ट संपला त्याच महिन्यात. तुमचा सी शार्प आणि झॅमल वेबअसेंब्लीवर (ब्राउझरमध्येच बिल्ड केलेला कोड चालवायची सोय) चालतो, प्लगइन लागत नाही, क्रोम, फायरफॉक्स, एज, मोबाइल सगळीकडे उघडतो. आणि हे काम चालू व्हिज्युअल स्टुडिओमध्ये होतं, २०१५ ची गरज उरत नाही.

पण सगळं आपोआप येत नाही. एक्सेलला कॉमवरून (विंडोजमध्ये एका प्रोग्रामने दुसऱ्याला चालवायची सोय) बोलवणारा कोड, स्थानिक फाइल्समध्ये हात घालणारा कोड, हे ब्राउझरच्या सँडबॉक्समध्ये चालणार नाही, ते बदलावंच लागेल. क्लायंटअ‍ॅक्सेसपॉलिसीच्या जागी सर्व्हरवर कॉर्सचे (दुसऱ्या डोमेनला परवानगी देणारे) हेडर लावावे लागतील. विकत घेतलेली कंट्रोल्स, टेलेरिकसारखी, त्यांचं काय करायचं ते वेगळं बघावं लागेल.

म्हणून सुरुवात मोजणीपासून करा. जुन्या सोल्युशनमधले सगळे रेफरन्स एका शीटमध्ये उतरवा, कुठली डीएलएल तुमची, कुठली मायक्रोसॉफ्टची, कुठली विकतची, आणि विकतच्यातली किती कंट्रोल्स खरंच वापरात आहेत. मग एकच स्क्रीन निवडा, जिच्यात डेटाग्रिड आहे, एक सर्व्हिस कॉल आहे आणि एक सेव्ह बटण आहे, म्हणजे आपल्या मेंटेनन्सच्या यादीएवढीच, आणि ती नवीन ओपनसिल्व्हर प्रोजेक्टमध्ये आणून बघा. व्ह्यूमॉडेल आणि झॅमल वेगळे ठेवलेले असतील तर ती स्क्रीन लवकर उभी राहते, सगळा कोड बटणांच्या क्लिक हँडलरमध्ये कोंबलेला असेल तर आधी जुन्या मशीनवरच, व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ मध्ये, तो व्ह्यूमॉडेलमध्ये हलवा, तिथे चालतंय याची खात्री करा, आणि मगच पुढे न्या.